एन्क्लेव्हचा उंबरठा : प्रोसेसरमधील सुरक्षित कप्प्यात प्रवेश देणाऱ्या संकेतांची रचना

डिचोली तालुक्यातील मुळगाव हे श्री केळबाय देवीचे गाव. येथील शिधापत्रिकाधारक असो वा पेडण्यातील, रास्त दराच्या दुकानातून धान्य घेताना त्याला यंत्रावर बोट ठेवावे लागते. १ जानेवारी २०२० पासून ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत गोव्याचा समावेश झाला आणि परराज्यातील कामगारालाही येथे बोटाच्या ठशावर धान्य मिळण्याची सोय झाली. आधार क्रमांकांचे वितरण २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावातून सुरू झाले. तेव्हापासून हा ठसा रेशन, बँक, सिमकार्ड अशा अनेक व्यवहारांची किल्ली बनला आहे. परवलीचा शब्द चोरीस गेला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही. म्हणूनच यंत्रात शिरलेला ठसा नेमका कोठे जातो आणि तेथे जाताना कोणता दरवाजा ओलांडतो, हा प्रश्न केवळ अभियंत्यांपुरता राहत नाही.

आधार प्राधिकरणाने नोंदणीकृत उपकरणांचे दोन दर्जे ठरवले आहेत. एल-० दर्जाच्या उपकरणात ठशावरील डिजिटल सही आणि त्याचे एन्क्रिप्शन यजमान ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्तरावर होते. एल-१ दर्जात ही दोन्ही कामे ‘ट्रस्टेड एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट’मध्ये, म्हणजे प्रोसेसरने अलग राखलेल्या विश्वासार्ह कप्प्यात व्हावी लागतात. यजमान प्रणालीला सहीची खासगी किल्ली मिळवण्याचा किंवा बाहेरून खोटा ठसा आत सरकवण्याचा कोणताही मार्ग असता कामा नये, असा या दर्जाचा अर्थ आहे. प्राधिकरणाचा रोख एल-० कडून एल-१ कडे राहिला आहे.

येथेच एक तांत्रिक पेच उभा राहतो. कप्पा स्वतःहून चालत नाही. त्याला काम सांगणारी, माहिती पुरवणारी आणि उत्तर घेऊन जाणारी प्रणाली बाहेरचीच असते, आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तर गृहीतच धरलेले असते. ज्याच्यावर विश्वास नाही त्यानेच दार ठोठावायचे आणि तरीही आतले काही बिघडू द्यायचे नाही, यासाठी जे नियम आखावे लागतात त्यांना ‘कॉलिंग कन्व्हेन्शन’, म्हणजे कॉलचा संकेत म्हणतात. कप्प्याच्या भिंती हार्डवेअर बांधते. उंबरठ्यावरची शिस्त मात्र या संकेतावर अवलंबून असते.

साधा कॉल आणि त्यातील विश्वास

संगणकाच्या प्रोग्राममध्ये एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते तेव्हा दोघांत काही गोष्टी आधीच ठरलेल्या असाव्या लागतात. माहिती कोणत्या रजिस्टरमध्ये ठेवायची, उत्तर कोठे मिळेल, कोणती रजिस्टरे बोलावणाऱ्यासाठी जशीच्या तशी परत करायची आणि स्टॅक कोणत्या स्थितीत असावा, हे त्यातील मुख्य प्रश्न होत. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेली छोटी साठवणजागा; स्टॅक म्हणजे चालू कामाच्या नोंदी एकावर एक रचण्यासाठी राखलेला स्मृतीचा भाग.

६४ बिटच्या एक्स८६ प्रोसेसरवर लिनक्स ज्या ‘सिस्टिम व्ही’ संकेतानुसार चालते, त्यात पहिले सहा पूर्णांक वा पत्ते आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८ आणि आर९ या रजिस्टरांतून जातात. उत्तर आरएएक्समध्ये येते. आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही रजिस्टरे बोलावलेल्या फंक्शनने पूर्ववत करून द्यायची असतात. फंक्शनमध्ये शिरताना ‘दिशा-ध्वज’ शून्य असला पाहिजे आणि दशांश गणिताची नियंत्रक रजिस्टरे अबाधित राहिली पाहिजेत, असेही हा संकेत सांगतो.

या सर्व नियमांमागे एक न लिहिलेले गृहीतक आहे: दोन्ही फंक्शने एकाच घरची आहेत. कोणी संकेत मोडला तर प्रोग्राम कोसळेल आणि तो मोडणाऱ्याचेही नुकसान होईल. त्यामुळे शिरताना दिशा-ध्वज खरोखरच शून्य आहे ना, हे कोणतेही साधे फंक्शन तपासत बसत नाही. एन्क्लेव्हच्या बाबतीत मात्र हे गृहीतक टिकत नाही. तेथे बोलावणारा मुद्दाम संकेत मोडू शकतो आणि त्यातच त्याचा लाभ असतो.

कप्प्याचे दोन प्रकार

मोबाइल आणि लहान यंत्रांतील आर्म प्रोसेसरवर ‘ट्रस्टझोन’ ही व्यवस्था आढळते. तीत संपूर्ण प्रोसेसर ‘सामान्य जग’ आणि ‘सुरक्षित जग’ अशा दोन अवस्थांत विभागलेला असतो. अँड्रॉइड, लिनक्स आणि दुकानदाराला दिसणारे सारे ॲप सामान्य जगात चालतात. किल्ल्या आणि ठशाचे काम सुरक्षित जगात होते.

इंटेलने २०१३ मध्ये मांडलेली आणि २०१५ मध्ये ‘स्कायलेक’ प्रोसेसरांतून बाजारात आणलेली ‘एसजीएक्स’ ही व्यवस्था वेगळ्या घाटाची आहे. तीत कोणताही साधा प्रोग्राम स्वतःच्याच स्मृतीत एक बंद कप्पा निर्माण करू शकतो. यालाच ‘एन्क्लेव्ह’ म्हणतात. त्याची स्मृती प्रोसेसरबाहेर जाताना एन्क्रिप्ट होते आणि ऑपरेटिंग सिस्टिमलाही ती वाचता येत नाही. घरगुती संगणकांच्या प्रोसेसरांतून इंटेलने पुढे ही सोय काढून घेतली. सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरांत ती राहिली. प्रवेशाच्या नियमांचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो या एसजीएक्सवरच.

एल-१ उपकरणातील कप्पा ट्रस्टझोनचा असावा की स्वतंत्र सुरक्षित चिपचा, हे उत्पादकाच्या रचनेवर अवलंबून असते. उंबरठ्याचा प्रश्न मात्र प्रत्येक रचनेत येतोच.

दार एकच, तेही ठरलेल्या जागी

गोव्यातील खाजन शेतीचे उदाहरण येथे समर्पक ठरते. खाजनाचे रक्षण बांध करतो, हे खरे. पण पाण्याची खरी ये-जा मानशीतून होते. मानस कोठे असावी हे बांध घालणारा ठरवतो, नदी नव्हे. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने मानशीची दारे मिटतात आणि ओहोटीला आतील पाणी त्यांना बाहेर ढकलते. नदीच्या चांगुलपणावर काही सोपवलेले नसते. बांध कितीही भक्कम असला तरी मानस नादुरुस्त झाली की खारे पाणी शेतात शिरते आणि भाताचे पीक हातचे जाते.

एसजीएक्सची प्रवेशव्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. बाहेरचा प्रोग्राम ‘ईएन्टर’ ही सूचना देतो. त्याआधी त्याने आरबीएक्समध्ये एका विशिष्ट नोंदपत्राचा पत्ता ठेवायचा असतो. ‘टीसीएस’ या नावाच्या या नोंदपत्रात प्रवेशबिंदू आधीच कोरलेला असतो आणि बाहेरच्याला तो बदलता येत नाही. परिणामी एन्क्लेव्हच्या मध्यभागी, एखादी तपासणी टाळून, उडी मारता येत नाही. प्रत्येकाला दारातूनच यावे लागते. एका टीसीएसवर एका वेळी एकच धागा आत असू शकतो. आत शिरताच प्रोसेसर आरसीएक्समध्ये परतीचा पत्ता आणि आरएएक्समध्ये एक क्रमांक ठेवतो. ही नेहमीची भेट आहे की मध्येच खंडित झालेल्या कामानंतरची, हे त्या क्रमांकावरून आतल्या प्रोग्रामला कळते.

येथपर्यंतचे काम हार्डवेअर करते आणि चोख करते. त्यापुढचे बरेच काही मात्र त्याने सॉफ्टवेअरवर सोडले आहे, आणि धोक्याची जागा तीच आहे.

आत येताना काय झटकावे

ईएन्टर झाल्यावरही बहुतेक रजिस्टरांत बाहेरच्यानेच ठेवलेली मूल्ये असतात. त्यांतील पहिले महत्त्वाचे रजिस्टर म्हणजे स्टॅकचा पत्ता धरणारे आरएसपी. एसजीएक्स ते आपोआप बदलत नाही. बाहेरचे मूल्य केवळ नोंदवून ठेवले जाते. आतील प्रोग्रामने स्वतःचा स्टॅक ताब्यात घेण्यापूर्वी एखादी नोंद स्टॅकवर टाकली, तर ती बाहेरच्याने दाखवलेल्या जागी पडेल. ती जागा एन्क्लेव्हच्या आतलीही असू शकेल. म्हणून प्रवेशबिंदूवरील पहिल्या काही सूचना सी किंवा रस्ट भाषेत लिहिता येत नाहीत. त्या असेंब्ली भाषेत एकेक करून रचाव्या लागतात, कारण कंपायलर स्टॅक जागेवर आहे असे धरूनच चालतो.

दुसरी गोष्ट ध्वजांची. एक्स८६ प्रोसेसरवर मोठ्या मजकुराची नक्कल करणाऱ्या सूचना दिशा-ध्वज पाहून पुढे किंवा मागे सरकतात. तो उलटा ठेवून कोणी एन्क्लेव्हमध्ये शिरला आणि आतील प्रोग्रामने तो साफ केला नाही, तर पुढच्या दिशेने व्हायची नक्कल मागच्या दिशेने होते आणि शेजारची स्मृती बिघडते. संकेतानुसार ध्वज शून्य असायलाच हवा, म्हणून कंपायलरने तपासलेले नसते. आणि बाहेरच्याला संकेत पाळण्याची सक्ती नसते. सारा घोटाळा या दोन वाक्यांच्या मध्ये दडलेला आहे.

२०१९ मध्ये जो व्हॅन बुल्क आणि सहकाऱ्यांनी ‘अ टेल ऑफ टू वर्ल्ड्स’ हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कप्प्यांना संरक्षक आवरण पुरवणाऱ्या ८ प्रमुख मुक्त सॉफ्टवेअर संचांची त्यांनी छाननी केली आणि उंबरठ्यावरील सफाईतील ३५ त्रुटी उघड केल्या. त्यांत इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्या संचांचा समावेश होता. काही त्रुटींतून गुप्त किल्ल्या बाहेर काढणे शक्य असल्याचेही प्रात्यक्षिकासह दाखवले गेले. या त्रुटी एन्क्रिप्शनमधील नव्हत्या, भिंतींमधीलही नव्हत्या. दारातून येणाऱ्याला न झटकता आत घेतल्याच्या होत्या. संशोधकांनी त्या आधी संबंधितांना कळवल्या आणि त्यानंतर दुरुस्त्या झाल्या.

पुढच्याच वर्षी फ्रिट्झ आल्डर आणि सहकाऱ्यांनी दशांश गणिताकडे लक्ष वेधले. अपूर्णांकांची आकडेमोड करताना किती अचूकता ठेवायची आणि पूर्णांकन वर करायचे की खाली, हे काही नियंत्रक रजिस्टरे ठरवतात. ती साफ न करता आत काम सुरू झाले, तर बाहेरचा माणूस आतील माहिती न पाहताही आतील हिशेब वाकडा करू शकतो. गुप्तता शाबूत आणि उत्तर मात्र चुकीचे, असा हा हल्ला आहे. त्यावरचा उपाय सरळ आहे: आत येताच प्रोसेसरची ही विस्तारित स्थिती ज्ञात, ठरलेल्या मूल्यांवर आणावी आणि मगच पहिले फंक्शन बोलवावे.

पत्ता सांगणाऱ्यावर भरवसा नको

रजिस्टरांतून थोडीच माहिती जाते. ठशाची प्रतिमा किंवा मोठा मजकूर सामायिक स्मृतीत ठेवला जातो आणि आत फक्त त्याचा पत्ता पाठवला जातो. इंटेलच्या विकास-संचात आरडीआयमध्ये कोणते काम करायचे त्याचा क्रमांक आणि आरएसआयमध्ये माहितीच्या गाठोड्याचा पत्ता जातो.

बाहेरच्याने मजकुराचा पत्ता म्हणून एन्क्लेव्हच्या आतील गुप्त किल्लीचाच पत्ता दिला तर? बाहेरच्याला तेथे पोहोचता येत नाही, पण आतला प्रोग्राम पोहोचू शकतो, आणि बाहेरच्याच्या वतीने तो आपलीच किल्ली वाचून बाहेर देऊ शकतो. म्हणून आलेला मजकूर सुरुवातीपासून शेवटच्या बाइटपर्यंत पूर्णपणे एन्क्लेव्हच्या बाहेरच आहे, हे तपासावे लागते. पत्ता आणि लांबी यांची बेरीज करताना आकडा मर्यादेबाहेर जाऊन पुन्हा शून्याकडे वळत नाही ना, हेही पाहावे लागते.

एवढ्यानेही भागत नाही. सामायिक स्मृतीतील मजकूर तपासल्यानंतर आणि वापरण्यापूर्वी बाहेरचा दुसरा धागा तो बदलू शकतो. यावर एकच खात्रीचा नियम आहे: आधी मजकुराची नक्कल आत आणावी, मग त्या नकलेची तपासणी करावी आणि वापरही नकलेचाच करावा. बाहेरची मूळ प्रत दुसऱ्यांदा वाचू नये.

बाहेर पडताना

एन्क्लेव्हमधून बाहेर पडण्यासाठी ‘ईएक्झिट’ ही सूचना आहे. ती प्रोसेसरला बाहेरच्या पत्त्यावर नेते, पण रजिस्टरे पुसत नाही. साध्या संकेतानुसार काही रजिस्टरे ‘बिघडली तरी चालतील’ अशी असतात आणि कोणीही त्यांची पर्वा करत नाही. एन्क्लेव्हमध्ये मात्र त्याच रजिस्टरांत किल्लीचा तुकडा शिल्लक असू शकतो. त्यामुळे उत्तराचे रजिस्टर आणि परतीसाठी लागणारी रजिस्टरे वगळता बाकी सर्व शून्य करूनच उंबरठा ओलांडावा लागतो. दशांश गणिताची मोठी रजिस्टरेही यात आली.

बाहेर पडण्याची दुसरी वेळ कामाच्या मध्येच येते. एन्क्लेव्हमधून ऑपरेटिंग सिस्टिमला थेट हाक मारता येत नाही. फाइल उघडायची वा नेटवर्कवर काही पाठवायचे झाल्यास आतील प्रोग्राम आपले काम अर्धवट ठेवून ईएक्झिटने बाहेर येतो, बाहेरचा प्रोग्राम ते काम करतो आणि पुन्हा त्याच ठरलेल्या दारातून ईएन्टर करतो. या परतीच्या वेळी ‘आपण कोणत्या कामासाठी बाहेर गेलो होतो’ याची नोंद आतच असली पाहिजे. बाहेरच्याने आणलेले उत्तर हे उत्तर नव्हे, केवळ एक दावा आहे, असे समजून ते तपासले पाहिजे.

तिसरी वेळ अनाहूत असते. टायमरचा व्यत्यय आला किंवा स्मृतीचे पान जागेवर नसले की प्रोसेसर एन्क्लेव्हला तेथेच थांबवतो. तो सर्व रजिस्टरे एन्क्लेव्हच्या आतील राखीव जागेत जपून ठेवतो, त्यांच्या जागी निरुपद्रवी मूल्ये भरतो आणि बाहेर येतो. त्या वेळी आरएएक्समध्ये ‘ईरिझ्युम’ या सूचनेचा क्रमांक असतो. त्यामुळे बाहेर फक्त एकच सूचना पुन्हा दिली की थांबलेले काम जसेच्या तसे पुढे सुरू होते. हा भाग फार सुबक आहे. पण त्याचीही एक काळी बाजू आहे.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मॅशएक्स’ या संशोधनाने ती दाखवून दिली. त्याच्या लेखकांत श्वेता शिंदे यांचा समावेश आहे. आतील प्रोग्राम बाहेरच्या कामावरून परततो आणि त्याने स्वतःचा स्टॅक ताब्यात घेण्यापूर्वीच्या काही सूचनांच्या अवधीत व्यत्यय आणला तर काय होईल, असा प्रश्न संशोधकांनी विचारला. त्या क्षणी जपून ठेवलेल्या रजिस्टरांत आरएसपीचे मूल्य बाहेरच्याचे असते. व्यत्यय हाताळणारा आतील प्रोग्राम ते आपलेच समजून तेथे नोंदी लिहू लागतो आणि हल्लेखोराला एन्क्लेव्हच्या स्मृतीत हवे तेथे लिहिण्याची संधी मिळते. इंटेलचा विकास-संच आणि मायक्रोसॉफ्टने सुरू केलेला ‘ओपन एन्क्लेव्ह’ संच दोन्ही यात सापडले आणि नंतर दुरुस्त झाले. दार बंद होण्यापूर्वीचा अर्धा क्षणही संकेताने मोजला पाहिजे, हा या प्रकरणाचा धडा.

लिनक्सने काढलेला मार्ग

एसजीएक्सचा आधार लिनक्सच्या मुख्य प्रवाहात यायला अनेक वर्षे आणि प्रस्तावाच्या चाळीसहून अधिक आवृत्त्या लागल्या. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या लिनक्स ५.११ मध्ये तो समाविष्ट झाला. त्यातील एक वादाचा मुद्दा नेमका प्रवेशाच्या संकेताचाच होता.

एन्क्लेव्हमध्ये काही बिघाड झाला की लिनक्स तो ‘सिग्नल’च्या रूपाने प्रोग्रामला कळवते. पण सिग्नल हाताळण्याची व्यवस्था संपूर्ण प्रोग्रामसाठी एकच असते. एन्क्लेव्ह वापरणाऱ्या एखाद्या लायब्ररीने ती आपल्या ताब्यात घेतली, तर बाकीच्या प्रोग्रामशी तिचा खटका उडतो. म्हणून कर्नलने प्रत्येक प्रोग्रामला पुरवलेल्या ‘व्हीडीएसओ’ या सामायिक भागात एन्क्लेव्ह-प्रवेशाचे एक फंक्शन ठेवण्यात आले. आत जाण्याचे काम ते करते आणि बिघाड झाल्यास सिग्नलऐवजी त्याचा क्रमांक, प्रकार आणि पत्ता एका नोंदीत भरून साध्या उत्तराप्रमाणे परत देते.

या फंक्शनची घडण पाहण्यासारखी आहे. आरएएक्स, आरबीएक्स आणि आरसीएक्स ही तीन रजिस्टरे प्रवेशाच्या सूचनेलाच लागतात. बाकीची सर्वसाधारण रजिस्टरे ते जशीच्या तशी आत जाऊ देते. आत काय न्यायचे हे कर्नलने ठरवू नये, प्रत्येक एन्क्लेव्हच्या रचनाकाराने ठरवावे, असा त्यामागील विचार आहे. परतल्यावर जपायची रजिस्टरे, दिशा-ध्वज आणि स्टॅकची जुळणी यांची हमी ते देते. दशांश गणिताच्या स्थितीसारख्या उरलेल्या बाबतीत मात्र संकेत पाळण्याची जबाबदारी एन्क्लेव्ह आणि त्याच्या संचाची, असे कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे.

दुसरी तडजोड स्टॅकची होती. इंटेलच्या संचात एन्क्लेव्ह बाहेरचे काम सांगताना माहिती बाहेरच्या स्टॅकवर ठेवतो. त्यामुळे परतल्यावर स्टॅक सरकलेला असू शकतो. साधा कॉल असा कधीच परतत नाही. यासाठी एक ऐच्छिक हस्तक-फंक्शन देण्याची सोय ठेवली गेली. बाहेर आल्यावर स्टॅक पूर्ववत करण्यापूर्वी तेच बोलावले जाते आणि पुन्हा आत जायचे की कॉल संपवायचा, हे त्याच्या उत्तरावरून ठरते.

आर्मचा उंबरठा

ट्रस्टझोनमध्ये जग बदलण्यासाठी ‘एसएमसी’ ही सूचना आहे. ती सर्वोच्च अधिकाराच्या ‘मॉनिटर’ या छोट्या प्रोग्रामकडे नेते आणि एका जगाची रजिस्टरे बाजूला ठेवून दुसऱ्याची चढवण्याचे काम मॉनिटर करतो. इंटेलने हार्डवेअर आणि एन्क्लेव्हमध्ये वाटलेली जबाबदारी येथे मधल्या एका पहारेकऱ्याकडे आहे.

आर्मने या कॉलचा संकेत सर्व उत्पादकांसाठी एकच लिहून ठेवला आहे. पहिल्या रजिस्टरमध्ये ३२ बिटांचा काम-क्रमांक जातो. त्यातील एक बिट काम अखंड होणारे ‘जलद’ आहे की मध्ये थांबू शकणारे, हे सांगतो; काही बिट ते काम कोणाच्या अखत्यारीतील, म्हणजे आर्मचे, उत्पादकाचे की विश्वासार्ह ऑपरेटिंग सिस्टिमचे, हे सांगतात. नको असलेला क्रमांक दारातच परत पाठवता येतो. संकेताच्या पहिल्या आवृत्तीत चौथ्यापासून सतराव्यापर्यंतच्या क्रमांकांची रजिस्टरे परत येताना बदललेली असली तरी चालत, १.१ आवृत्तीने ती जशीच्या तशी परत करण्याचे बंधन घातले. त्यामुळे बोलावणाऱ्याचे काम हलके झाले आणि आतील शिल्लक मूल्ये बाहेर सांडण्याची वाटही अरुंद झाली.

‘ऑप-टी’ या मुक्त सुरक्षित प्रणालीत मोठ्या कामाची माहिती सामायिक स्मृतीत ठेवली जाते आणि तिचा पत्ता दोन रजिस्टरांत विभागून आत जातो. ॲपच्या बाजूने एका कॉलमध्ये जास्तीत जास्त चार घटक देता येतात आणि प्रत्येकाचा प्रकार आधी जाहीर करावा लागतो. ही काटकसर मुद्दाम केलेली आहे. दार जितके लहान, तितकी तपासणी सोपी.

रचनेची सूत्रे

वरील अनुभवांतून प्रवेशसंकेत आखणाऱ्यासाठी पुढील सूत्रे निघतात:

• प्रवेशबिंदू मोजके आणि पूर्वनिश्चित असावेत. बाहेरच्याला जागा निवडू देऊ नये.

• आत येताच प्रथम स्टॅक बदलावा, मग ध्वज आणि दशांश गणिताची स्थिती ज्ञात मूल्यांवर आणावी, आणि त्यानंतरच पहिले फंक्शन बोलवावे.

• बाहेरच्याने साध्या संकेताचा कोणताही नियम पाळला आहे, असे गृहीत धरू नये.

• मजकूर आत आणून मग तपासावा. बाहेरची प्रत दोनदा वाचू नये.

• परतताना उत्तराव्यतिरिक्त काहीही बाहेर जाऊ देऊ नये.

• उंबरठ्यावरील प्रत्येक सूचनेनंतर व्यत्यय येऊ शकतो, असे समजून क्रम लावावा.

• जबाबदारीची वाटणी लिहून ठेवावी. दोघांनीही दुसऱ्यावर सोडलेली सफाई कोणीच करत नाही.

मर्यादा

प्रवेशाची शिस्त चोख असली म्हणजे सारे सुरक्षित झाले, असे नाही. २०१८ मधील ‘फोरशॅडो’ने प्रोसेसरच्या आगाऊ अंदाजांचा आधार घेऊन एसजीएक्सची गुपिते वाचली; २०१९ मधील ‘प्लंडरव्होल्ट’ने प्रोसेसरचे व्होल्टेज खाली खेचून आतील गणित चुकवले. हे हल्ले दारातून नव्हे, भिंतीतून आले. शिवाय बाहेरची प्रणाली कप्प्याला केव्हाही बोलावणे थांबवू शकते. कप्पा गुपित राखतो, सेवेची हमी देत नाही. राबलेल्या हाताचा झिजलेला ठसा यंत्राला उमटत नसेल, तर त्या शिधापत्रिकाधारकाची अडचण कोणताही एन्क्लेव्ह सोडवू शकत नाही. त्यासाठी पर्यायी ओळखीची माणुसकीची सोय दुकानातच असावी लागते.

तरीही भिंतीतील दोष दुरुस्त करण्यासाठी नवा प्रोसेसर वा उत्पादकाची दुरुस्ती यांची वाट पाहावी लागते. उंबरठ्यावरचे दोष मात्र काळजीपूर्वक लिहिलेल्या काही सूचनांनी टळतात. ऑप-टी संगणकावरील क्यूईएमयू या आभासी यंत्रावर, तसेच रास्पबेरी पाय ३ सारख्या स्वस्त बोर्डावर चालवता येते. त्यामुळे फर्मागुढीपासून झुआरीनगरपर्यंतच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना हे शास्त्र महागड्या प्रयोगशाळेशिवायही हाताळता येईल.

खाजनाची राखण करणाऱ्याला दरवर्षी बांधाबरोबर मानशीची फळी आणि बिजागरही पाहावे लागते. यंत्र खरेदी करणाऱ्या शासकीय खात्यांनीही उपकरणावरील दर्जाचा शिक्का पाहून थांबू नये. त्याच्या उंबरठ्याची तपासणी कोणी, केव्हा आणि कशी केली, हे विचारावे. मुळगावातील आजीने यंत्रावर ठेवलेल्या बोटाचे मोल त्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे.